ऑथेल्लो कैरोला गेला तेव्हा

दिवाळीच्या अंकात मत्सरावर लिहायला घ्यावे, हे तसे औचित्याला सोडूनच झाले. पुढ्यात फराळाचे ताट आहे, मुले अंगणात फुलबाज्या उडवीत आहेत, आणि मास्तर षड्रिपूंतला सहावा काढून बसले आहेत! वाचकांनी रागावू नये. मी प्रवचन करणार नाही. एका परक्या शब्दाने गेल्या वर्षी माझी झोप उडवली होती, त्या शब्दाची हकीकत तेवढी सांगणार आहे. हकीकत बरीच लांबची आहे. लंडन, बैरूत, कॉर्डोव्हा, कैरो अशी तिची मुशाफिरी आहे. सुरुवात मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या पडवीत झाली.

आमच्या शाळेला गेल्या वर्षी पंचाहत्तर वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी नाटक करायचे ठरवले, आणि कोणाच्या डोक्यात काय शिरले कोण जाणे, ‘ऑथेल्लो’चे दोन तासांत आटपेल असे रूप करायचे काम माझ्या गळ्यात पडले. “गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, मग हे तुम्हाला काय जड?” असे म्हटल्यावर कोणता लेखक नाही म्हणेल? मी मॅट्रिक, आणि वर मास्तरकीचे प्रशिक्षण, एवढीच माझी विद्या. शेक्सपिअरचे इंग्रजी मला शब्दकोश मांडीवर घेतल्याशिवाय उलगडत नाही. पण मराठीत ही वाट चांगली मळलेली आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला होता. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला आणि गणपतराव जोशांनी तो रंगभूमीवर गाजवला. वि. वा. शिरवाडकरांनीही या नाटकाला हात घातला. एवढे वडीलधारे पुढे चालून गेलेले असताना भिण्याचे कारण नव्हते. मी होकार दिला आणि तिसऱ्या अंकात येऊन अडकलो.

नाटकाची कथा बहुतेकांना ठाऊक असेल. व्हेनिसच्या पदरी असलेला ऑथेल्लो हा मूर सरदार, त्याने एका अमीर घराण्यातल्या गोऱ्या मुलीशी लग्न केले आहे. हाताखालचा इयागो तिच्याविषयी त्याच्या कानात विष ओततो. पुरावा काय, तर एक हातरुमाल. आणि त्या रुमालापायी ऑथेल्लो आपल्या निरपराध बायकोचा पलंगावरच जीव घेतो. तिसऱ्या अंकात इयागो मोठ्या साळसूदपणे ऑथेल्लोलाच सावध करतो, की सरकार, ह्या एका विकारापासून स्वतःला जपा. त्या विकाराचे इंग्रजी नाव अगदी रोजच्या वापरातले आहे. लहान पोरही ते वापरते. मला त्याला मराठी शब्द सापडेना.

‘मत्सर’ म्हणावे, तर मत्सर शेजाऱ्याच्या नव्या घराचा असतो. ऑथेल्लोला बायकोचा मत्सर वाटत होता असे लिहिले, तर तिचे बरे झालेले त्याला पाहवत नव्हते असा अर्थ होतो. ‘हेवा’ मैत्रिणीच्या पाटल्यांचा. ‘असूया’ पुस्तकात बरी, तोंडात नाही. ‘जळफळाट’ म्हटले की प्रेक्षक हसणार. राहता राहिला ‘संशय’. देवलांनी आपल्या १९१६ च्या प्रहसनाचे नावच ‘संशयकल्लोळ’ ठेवले आणि तो शब्द मराठी नवराबायकोंच्या भांडणात कायमचा रुजवला. पण संशय ही डोक्यातली गोष्ट. ‘हे खरे की खोटे’ एवढेच तो विचारतो. छातीत जो वणवा पेटतो त्याला संशय म्हणता येत नाही. चार दिवस मी वहीत शब्द लिहीत होतो आणि खोडत होतो.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. कोकणी मुसलमान. तरुणपणी कुवेतला एका श्रीमंत कुटुंबात मोटार चालवायला गेले. १९९० साली इराकी फौजा कुवेतात शिरल्या तेव्हा हजारो हिंदी लोकांबरोबर हात हलवीत परत आले, आणि तिकडे शांत झाल्यावर पुन्हा गेले. आता कायमचे घरी असतात, नारळाची झाडे पाहतात, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांना मी माझी अडचण सांगितली. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, तुमच्या त्या सरदाराची गैरा बायको‘वर’ आहे, का बायको‘पासून’?”

मला काहीच बोध झाला नाही. तेव्हा त्यांनी सुपारी खाली ठेवली आणि समजावून सांगितले. कुवेतच्या त्या घरात दुसरा मुलगा जन्मला, तेव्हा तीन वर्षांच्या थोरल्याने पाळण्यात हात घालून त्याला चिमटा काढला. आई हसली आणि म्हणाली, पोराला गैरा येते आहे, भावा‘पासून’. चाचांनी तो शब्द पहिल्यांदा तिथे ऐकला. दुसऱ्यांदा ऐकला तो मालकाच्या तोंडून. मालकीणबाईंनी दुसऱ्या कोणाच्या मोटारीतून बाजारात जाणे त्याला खपत नसे, आणि तसे तो अभिमानाने सांगे, की मला गैरा आहे, बायको‘वर’. शब्द एकच. पुढचे अव्यय बदलले की पहिल्यात पोर चिमटे काढते, आणि दुसऱ्यात पुरुष मिशीला पीळ भरतो. ‘मिन’ म्हणजे पासून, ‘अला’ म्हणजे वर. पक्क्या अरबीत तर दोन्ही एका वाक्यात येतात. नवऱ्याला गैरा होते ती बायको‘वर’ आणि अमक्या माणसा‘पासून’.

त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणजे शेक्सपिअर जेव्हा अरबीत गेला असेल तेव्हा तिथल्या भाषांतरकाराला माझ्यासारखा शब्द शोधावा लागला नसणार. शब्द त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. पण त्या शब्दाच्या पोटात काय काय होते! मग मी मिळेल ते वाचत गेलो. अडेल तिथे चाचा होतेच.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. ‘गैरा’तला ग घशातून निघतो, गुळणी करताना निघतो तसा. त्याच धातूपासून ‘गैर’ हा शब्द आला. गैर म्हणजे दुसरा, परका, वेगळा. हा गैर तर आपल्या घरचाच आहे! गैरहजर, गैरसमज, गैरसोय, गैरवाजवी. मी रोज सकाळी हजेरीपटावर त्याला हाक मारतो. फारसीच्या पालखीत बसून तो दक्षिणेत आला आणि मराठी होऊन गेला. आपले आणि परक्याचे यांमधली रेघ म्हणजे ‘गैर’, आणि ती रेघ कोणी ओलांडली की जे पेटते ती ‘गैरा’. माझ्या मनाने मी अशी संगती लावली. कोशकारांना मान्य होईल की नाही ते ते जाणोत, पण धातू एक आहे एवढे खरे.

आणखी एक मौज पाहा. हाच शब्द इराणात गेला आणि ‘गैरत’ झाला, म्हणजे घराण्याची आब राखण्याची रग. तिथून तो उर्दू-हिंदीत उतरला, म्हणून सिनेमातला बाप मुलाला ‘बेगैरत’ म्हणतो तेव्हा ‘निर्लज्जा’ असा अर्थ होतो. तुर्कांनी मात्र त्याचा ‘गायरेत’ करून निराळ्याच कामाला जुंपला. तुर्की मास्तर पोराला ‘गायरेत कर’ म्हणेल तर त्याचा अर्थ जोर लाव, मेहनत कर! मत्सराला त्यांच्याकडे दुसराच, अस्सल तुर्की शब्द आहे. एकाच बापाची पोरे, एक कैरोत नवऱ्याच्या छातीत जळते आहे आणि दुसरे इस्तंबूलच्या शाळेत गणिते सोडवते आहे.

शेजाऱ्याचे पाहवत नाही, त्या भावनेला अरबीत वेगळा शब्द आहे, ‘हसद’. कुराणाच्या शेवटून दुसऱ्या अध्यायात ज्या ज्या वाइटापासून आसरा मागितला आहे, त्यांत हसद करणारा अगदी शेवटी येतो. आपल्याकडे दृष्ट लागते तशीच मिसरातही लागते, आणि तिच्यासाठी निळे मणी बांधतात. तिसरा शब्द ‘गिब्ता’. दुसऱ्याजवळ आहे ते मलाही मिळावे, पण त्याचे जाऊ नये, ही भावना. इमाम गझालींनी अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर आपल्या मोठ्या ग्रंथात हसद आणि गिब्ता यांची फोड मोठ्या बारकाईने केली आहे. एक पाप, दुसरे निर्दोष. अशी चोख वाटणी ज्या भाषेत झालेली, तिच्यात इयागोचे मन सांगणे सोपे. बढती कॅसिओला मिळाली म्हणून तो जळतो, तो हसद. घोटाळा व्हायचा तो ऑथेल्लोच्या मनाचा, कारण गैरा हे पाप की पुण्य हे अरबीने कधी एका शब्दात सांगितलेच नाही.

इंग्रजीला नाक वर करायचे कारण नाही. तिचा शब्द फ्रेंचांकडून आला, फ्रेंचांना तो लॅटिनमधून मिळाला, आणि मुळात तो ग्रीक ‘झेलॉस’. त्याच झेलॉसपासून इंग्रजीत दुसराही शब्द झाला, ज्याचा अर्थ आवेश, निष्ठा, धर्मकार्यातला उत्साह. म्हणजे तिथेही कडवी निष्ठा आणि जळका नवरा हे सख्खे भाऊच. इंग्रजीने त्यांना दोन नावे देऊन दोन घरांत ठेवले, अरबीने एकाच छपराखाली ठेवले, एवढाच फरक. याचा लाभ बैरूतच्या मिशनऱ्यांना झाला. १८४० नंतरच्या दशकाअखेर ईलाय स्मिथ नावाच्या अमेरिकन पाद्रीने तिथे बायबलचे नवे अरबी भाषांतर हाती घेतले. बुत्रुस अल्-बुस्तानी आणि नासिफ अल्-याझिजी हे अरबी विद्वान त्याच्या साथीला होते. स्मिथ १८५७ मध्ये वारला. काम डॉक्टर व्हॅन डाइक याने पुढे चालवले, आणि भाषा तपासायला युसुफ अल्-असीर हे अल्-अझहरात शिकलेले मुसलमान शेख बसवले. १८६५ मध्ये सबंध ग्रंथ छापून निघाला. दहा आज्ञांत देव स्वतःला ज्या विशेषणाने ओळखवतो, तिथे इंग्रजीतला ‘जळणारा देव’ वाचकाला अजून दचकवतो. अरबीत ‘गयूर’ लिहिले आणि काम भागले. आपल्या माणसांवर दुसऱ्याचा हक्क खपवून न घेणारा, तो गयूर. इस्लामी परंपरेतही देवाच्या गैरेच्या गोष्टी आहेतच. पाद्री आणि शेख यांचे या एका शब्दावर तरी भांडण झाले नसावे.

पण देवाला जे शोभले ते सरदाराला शोभेल का?

१९१२ साल. खेदिव अब्बास हिल्मीच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला नाट्यशिक्षण घेऊन आलेला जॉर्ज अब्यद कैरोत आपली अरबी नाटक मंडळी उभी करीत होता. मूळचा तो बैरूतचा. त्याला तीन मोठी नाटके हवी होती. ‘ईडिपस’ आणि ‘अकरावा लुई’ दुसऱ्यांनी करून दिली. ‘ऑथेल्लो’चे काम त्याने खलील मुतरान या कवीला सांगितले. मुतरान १८७२ मध्ये बालबेक इथे जन्मला, पुढे मिसरात स्थायिक झाला, म्हणून लोक त्याला ‘दोन देशांचा कवी’ म्हणत. त्याचे फ्रेंच उत्तम होते, आणि हे भाषांतर त्याने फ्रेंचच्या आधाराने केले असे जाणकार सांगतात. (फ्रेंचांची आणखी एक गंमत जाता जाता सांगतो. त्यांच्या भाषेत मत्सराला जो शब्द आहे तोच खिडकीच्या फळ्याफळ्यांच्या झडपेलाही आहे. आतून बाहेरचे दिसावे, बाहेरून आतले दिसू नये, अशी ती झडप. जुन्या कैरोच्या गल्ल्यांत अशाच लाकडी जाळीच्या खिडक्या घरोघर होत्या.)

मुतरानने नाटकाला जी प्रस्तावना लिहिली ती वाचण्यासारखी आहे. शेक्सपिअरच्या अंगात काहीतरी अरबी आहे असे तो सांगतो, आणि भाषांतर म्हणजे जणू परदेशी राहिलेला माल परत घरी आणणे, अशा थाटात बोलतो. ऑथेल्लो हे नावसुद्धा त्याने घरचे करून टाकले, ‘उतैल’. ‘आतिल’ म्हणजे अलंकाराविना असलेला, त्याचे लाडके लघुरूप उतैल. तेव्हापासून आजतागायत अरबी वाचकांना हा सरदार उतैल याच नावाने ठाऊक आहे. आणि या अभिमानात सगळीच थाप नव्हती. १६०० साली मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्द अल्-वाहिद राणी एलिझाबेथच्या दरबारी आला होता आणि सहा महिने लंडनात राहिला होता. त्याच सालची त्याची तसबीर आजही इंग्लंडात आहे. पांढरा फेटा, काळा झगा, कमरेला तलवार, आणि आरपार पाहणारी नजर. त्यानंतर तीनचार वर्षांतच ‘ऑथेल्लो’ लिहिले गेले. तो घातकी हातरुमालही ऑथेल्लोच्या आईला एका मिसरी बाईनेच दिलेला असतो! कैरोच्या प्रेक्षकांना तेवढ्यावरसुद्धा हे नाटक आपले वाटले असेल तर नवल नाही.

आता विचार करा. व्हेनिसच्या लोकांत तो मूर एकटा होता, परका होता, ‘गैर’ होता. कैरोत पडदा वर गेला तेव्हा तो एकदम आपल्यांतला झाला, आणि व्हेनिसवाले परके झाले. आणि त्याच्या विकाराचे नाव उच्चारले गेले ते ‘गैरा’, म्हणजे ज्या गुणाचा चाचांचा मालक अभिमान धरीत होता तोच. इयागो म्हणतो, सरकार, गैरेपासून जपा. अरब प्रेक्षकाच्या मनात येणार, का बुवा जपायचे? गैरा नसलेला नवरा तो काय नवरा?

कॉर्डोव्हाचा इब्न हज्म (जन्म ९९४, मृत्यू १०६४) हा पंडित, म्हणजे खराखुरा मूर, ऑथेल्लोच्या साडेपाचशे वर्षे आधीचा. त्याने आपल्या नीतिविचारांच्या छोट्या पुस्तकात गैरेला सरळ सद्गुणांत बसवले आहे. तिच्यात शौर्य आहे आणि न्यायबुद्धी आहे, असे त्याचे म्हणणे. आणि जिथून ती गेली तिथून प्रेमही गेले असे समजावे, असेही तो सुचवतो. पंडित मोठा होता, पण इथे मला तो पटत नाही. न पटण्याचे कारण पुस्तकी नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक नवरा आहे. बायको विहिरीवर गेली की हा पाणंदीत उभा, बाजारात गेली की दहा पावले मागे. तिच्या भावाच्या मित्राने पोस्टकार्ड पाठवले, ते याने चुलीत घातले. मी त्याच्याविषयी मोठ्या कौतुकाने लिहिले होते, की त्याचा तिच्यावर फार जीव होता, म्हणून त्याला करमत नसे. कादंबरी बरी खपली. एका मासिकात परीक्षणही आले. ‘ग्रामीण प्रेमाचे हृद्य चित्रण’ असे त्यात म्हटले होते. मग एक आंतर्देशीय पत्र आले. खाली नाव नव्हते, तालुक्याचा शिक्का पुसट होता. अक्षर बाईचे होते. तिने लिहिले होते, “तुमची कादंबरी वाचली. माझे यजमानही माझ्यावर असाच जीव लावीत. आता मी माहेरी असते. डाव्या कानाने ऐकू येत नाही.” एवढेच. ना राग, ना उपदेश. ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात कितीतरी वर्षे पडून आहे. तिचा पत्ता नसल्यामुळे उत्तर देता आले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. पत्ता असता तरी काय लिहिले असते?

तर इब्न हज्म मला पटला नाही तो ह्या पत्रामुळे. पण अरबी परंपरा म्हणजे एकटा इब्न हज्म नव्हे, हे मला चाचांनी दाखवून दिले. पैगंबरांच्या नावे सांगितलेल्या वचनांत गैरेचे दोन भाग केलेले आहेत. एक देवाला आवडणारी, दुसरी देवाला न आवडणारी. जिथे शंकेला खरोखरीचे कारण आहे तिथली पहिली, जिथे कारण नाही तिथली दुसरी. चाचांनी हे सांगितले आणि मी ओट्यावरून उठून उभाच राहिलो. कारण मग उतैलला दोष द्यायला इंग्रजीकडे जायची गरजच नाही. त्याच्याच भाषेतला, त्याच्याच धर्मातला माणूस त्याला विचारू शकतो, की बाबा रे, कारण कुठे होते? एक रुमाल? अरबी शब्दाने त्याला आधी मोठेपणा दिला आणि त्याच शब्दाने मग त्याचा न्याय केला. माझ्या मते अरबी ‘उतैल’ इंग्रजीपेक्षा इथे एक पाऊल पुढे जातो. इंग्रजीत तो एका रोगाचा बळी दिसतो. अरबीत तो सद्गुणाच्या नावाखाली गुन्हा करतो, आणि हे अधिक भयंकर आहे.

नाटकातली इयागोची बायको, एमिलिया, मात्र या सगळ्या पंडितांपेक्षा शहाणी. ती म्हणते त्याचा भावार्थ असा, की अशा माणसांना कारण लागतच नाही. ती जळतात कारण जळणे हा त्यांचा स्वभाव. डेस्डिमोना बिचारी म्हणत असते, की माझा नवरा जिथे जन्मला तिथल्या उन्हाने त्याच्यातले असले सारे विकार शोषून घेतले असतील. शेक्सपिअरची विनोदबुद्धी कधी कधी क्रूर असते.

हा प्रश्न अरबांचाच, असे कोणी म्हणेल तर त्याला मी १९५९ ची मुंबई दाखवीन. नौदलातले कमांडर नानावटी यांनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीतल्या नऊपैकी आठांनी ‘निर्दोष’ म्हणून सांगितले. एका साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने रान उठवले, न्यायालयाबाहेर लोकांची गर्दी लोटे. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली. इथे कारण तरी होते. बायकोने स्वतः सांगितले होते. पण त्या गर्दीला मराठीत, गुजरातीत, इंग्रजीत जो शब्द सापडत नव्हता तो ‘गैरा’च होता, आणि अव्यय होते ‘वर’. लेबनॉनच्या कायद्यात अशा खुनाला शिक्षा कमी करणारे एक कलम होते. ते २०११ मध्ये काढून टाकण्यात आले. शब्द कोशात असतात तोवर ठीक, कलमात शिरले की माणसे मरतात.

मुतराननंतर ‘उतैल’ पुन्हा पुन्हा अरबीत आला. बेथलेहेमला वाढलेला आणि बगदादला आयुष्य काढलेला जब्रा इब्राहिम जब्रा याने तो थेट इंग्रजीवरून केला. पण मला कुतूहल वाटले ते मुस्तफा सफवान याचे. हा मिसरी गृहस्थ पॅरिसमध्ये मनोविकारांचा वैद्य होता. त्याचे भाषांतर १९९८ मध्ये कैरोत छापून निघाले, आणि ते कैरोच्या रस्त्यावरच्या बोलीत होते! मुतरानला बोलीचा एवढा तिटकारा, की प्रस्तावनेत तो तिच्यावर अक्षरशः दात खातो. त्याचा सरदार शुद्ध, भरजरी अरबी बोले. शहाऐंशी वर्षांनी सफवानने ती जर उतरवून ठेवली. त्याचे म्हणणे असे, की सामान्य माणसापर्यंत त्याच्या भाषेत काही पोचूच द्यायचे नाही, ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ती आहे.

आणि बोलीत आल्यावर त्या शब्दाचे काय झाले? कैरोत त्याचा उच्चार ‘गीरा’ होतो. पाळण्यातल्या भावाला चिमटा काढणारे पोर, सवतीच्या नावाने बोटे मोडणारी बाई, चाळीतला संशयी कारकून, सगळ्यांची गीरा. सरदाराची तलवार गेली आणि घरातला माणूस उरला. मी वर्गात प्रमाणभाषेचा आग्रह धरणारा मास्तर. ‘व्हता’ लिहिणाऱ्या पोराच्या वहीवर तांबड्या शाईने ‘होता’ करून देणारा. तरीही इथे माझे मत सफवानच्या बाजूने पडले. उतैल भरजरी बोलतो तोवर प्रेक्षक त्याला पाहतो. घरच्या भाषेत बोलला की प्रेक्षक शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहत नाही, खाली पाहतो.

आमच्या नाटकाचे काय झाले ते सांगतो. मी मराठी शब्द शोधायचे सोडून दिले. चाचांच्या अव्ययांनीच वाट काढून दिली. विकाराचे नाव एकदाही घ्यायचे नाही असे ठरवले. इयागोच्या तोंडी घातले, “सरकार, माणसं बायकोवर जीव टाकतात, तुम्ही डोळा ठेवताय.” ‘वर’ दोघांनाही तोच. तालमीत हे वाक्य ऐकून झाडू मारणारी मावशी थांबली, म्हणून ते ठेवले. प्रयोग बरा झाला. ऑथेल्लोचे काम करणारा एस.टी.त कंडक्टर आहे. त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, मात्र मरताना त्याचा फेटा सुटून पडला आणि लहान पोरे खिदळली. डेस्डिमोनाच्या मरणाच्या वेळी कोणी हसले नाही. चाचा पहिल्या रांगेत बसले होते. निघताना म्हणाले, “रुमाल जरा मोठा हवा होता, गुरुजी. मागच्यांना दिसला नाही.”

यंदा श्रावणात प्रकाशकांनी त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले आणि तपासायला पाने पाठवली. मी रात्री जागून सगळी वाचली. ठिकठिकाणी हात शिवशिवत होता, पण लिहिलेले पुष्कळसे तसेच राहू दिले. पंधरा वर्षांपूर्वीचा तो माणूस मीच होतो, हे मला लपवायचे नव्हते. एकशे बाराव्या पानावर मात्र थांबलो. ‘त्याचा तिच्यावर फार जीव होता, म्हणून त्याला करमत नसे.’ त्यातला ‘म्हणून’ तांबड्या शाईने काढला आणि त्याच्या आधीच्या स्वल्पविरामाचा पूर्णविराम केला. प्रकाशकांचा फोन आला, की चारशे पानांत ही एकच दुरुस्ती, चुकून तर नाही ना झाली? मी सांगितले, चुकून नाही, तेवढी कराच.